जनरल जेकब यांचे चार महिने

गोव्याच्या जंगलाचा नकाशा १९९९ मध्ये एकदम बदलला. सत्तरी तालुक्यातलं म्हादई अभयारण्य, सुमारे २०८ चौरस किलोमीटरचं, आणि सांगे तालुक्यातलं नेत्रावळी, सुमारे २११ चौरस किलोमीटरचं, ही दोन्ही त्या वर्षी जाहीर झाली. उणेपुरे ३,७०२ चौरस किलोमीटरचं हे राज्य. त्यात एवढी जमीन एका फटक्यात संरक्षणाखाली जाणं म्हणजे काय, हे गोव्यात जमिनीला काय भाव आहे ते ठाऊक असलेल्याला वेगळं सांगायला नको. बोंडला, मोले, खोतीगाव ही आधीची अभयारण्यं एकमेकांपासून तुटक होती. नव्या दोघांनी मधल्या फटी बुजवल्या आणि चोर्ला घाटापासून थेट काणकोणपर्यंत सह्याद्रीचा गोव्याकडचा उतार जवळजवळ सलग झाला. कुठल्याही निवडून आलेल्या सरकारला हे जमलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणाला ते करायचंही नव्हतं. ते केलं राज्यपालांनी. विधानसभा बरखास्त होती, राष्ट्रपती राजवट लागू होती, आणि काबोच्या राजभवनात बसलेले गृहस्थ होते निवृत्त लेफ्टनंट जनरल जॅक फर्ज राफेल जेकब. गोव्यात त्यांना कुणीही एक मत दिलेलं नव्हतं.

पर्यावरणवाले आजही त्यांचं नाव कृतज्ञतेनं घेतात. सत्तरीतल्या काजूच्या बागायतीत उभं राहून तोच विषय काढला तर सूर बदलतो. आपल्या आज्यापणज्यानं लावलेल्या झाडांखाली आपण अचानक कायद्यानं उपरे कसे झालो, हा तिथला प्रश्न आहे. मला दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं वाटतं. फौजेत उभी हयात घालवलेला माणूस राज्यपाल झाला की राज्याच्या पदरात काय पडतं आणि काय पडू शकत नाही, हे समजून घ्यायला गोव्यातल्या त्या चार महिन्यांसारखं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

माणूस मुळात कसा होता ते आधी पाहू. जेकब कलकत्त्याचे ज्यू. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ज्यू म्हटलं की अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्रायली, आपले शनवार तेली, येतात. जेकब त्यांच्यातले नव्हेत. त्यांचे पूर्वज बगदादकडून व्यापारासाठी कलकत्त्याला येऊन स्थिरावलेले. शिक्षण दार्जिलिंगजवळच्या कर्सियांगला. युरोपात हिटलर ज्यूंचं काय करतो आहे याच्या बातम्या घरापर्यंत पोचत होत्या, त्या ऐकून पोरगा दुसऱ्या महायुद्धात भरती झाला आणि तोफखान्यात गेला. मध्यपूर्व झाली, ब्रह्मदेश झाला. स्वातंत्र्यानंतर ते भारतीय फौजेतच राहिले, लग्न केलं नाही, आणि पायरी पायरीनं वर चढत १९६९ च्या सुमारास कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये पूर्व कमांडचे चीफ ऑफ स्टाफ झाले. पुढे त्याच कमांडचे प्रमुख होऊन १९७८ मध्ये निवृत्त झाले. सिक्कीम भारतात विलीन झालं तेव्हा पूर्व कमांड त्यांच्याकडेच होती. पण लोकांच्या लक्षात ते राहिले एका दिवसामुळे, आणि गोव्यातल्या जेकबांचा स्वभाव कळायचा असेल तर त्या दिवसापाशी थोडं थांबायला हवं.

१६ डिसेंबर १९७१, बांगलादेश युद्धाचा शेवटचा दिवस. लष्करप्रमुख माणेकशा यांचा फोन आला: ढाक्याला जा आणि शरणागती घ्या. जेकब हेलिकॉप्टरनं निघाले. बरोबर शरणागतीचा मसुदा होता. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे तो त्यांनी आधी दिल्लीला पाठवला होता, पण मंजूर की नामंजूर हे दिल्लीनं कळवलंच नव्हतं. पाकिस्तानी बाजूनं जी मागणी आली होती ती शरणागतीची नव्हतीच, ती संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली युद्धबंदीची होती. ढाक्यात पाकिस्तानी सेनापती नियाझी यांच्याकडे तेव्हाही हजारो सैनिक होते. शहराच्या वेशीवर पोचलेलं भारतीय सैन्य त्यांच्या मानानं थोडं होतं. जेकब तर आपल्या बाजूला जेमतेम तीन हजार माणसं असल्याचं लिहितात. नियाझींच्या कार्यालयात मसुदा वाचून दाखवला गेला, नियाझी बिथरले. जेकब यांनी विचार करायला अर्धा तास दिला आणि बाहेर येऊन पाइप ओढत येरझारा घातल्या. परत गेले तेव्हा कागद टेबलावर तसाच पडलेला. मान्य आहे का, असं त्यांनी तीनदा विचारलं. उत्तर आलं नाही. मग त्यांनी कागद उचलला आणि तुम्ही गप्प आहात म्हणजे तुम्हाला मान्य आहे असं मी धरतो, असं सांगून टाकलं. कार्यालयातल्या बंद दाराआड सही करायलाही त्यांनी नकार दिला. सोहळा रमणा रेसकोर्सवर, ढाक्याच्या लोकांसमोर व्हायला हवा, हा त्यांचा आग्रह होता. संध्याकाळी पूर्व कमांडचे तेव्हाचे प्रमुख जगजितसिंग अरोरा यांनी तिथे सही घेतली, आणि सुमारे ९३,००० युद्धकैदी भारताच्या हाती आले.

या कथेत जेकब स्वतःला जरा जास्तच श्रेय देतात, असं म्हणणारे लष्करी लेखक आहेत. ढाका हे मूळ उद्दिष्ट होतं की नव्हतं, ते कुणी ठरवलं, नियाझी कशानं खचले, यावर वाद झडत राहिले. ते बाजूला ठेवू. त्यांनी स्वतः सांगितलेली हकिगत घेतली तरी त्यात एक गोष्ट स्वच्छ दिसते. वरून हुकूम अर्धवट होता, मधली जागा रिकामी होती, आणि या माणसानं ती रिकामी जागा आपल्या निर्णयानं भरली. दिल्लीला विचारत बसले असते तर संध्याकाळ उलटली असती, कदाचित न्यूयॉर्कमध्ये ठरावही आला असता. ज्याच्या हाती तो क्षण आहे त्यानं तो वापरायचा, परवानगी मागाहून येते. लढाईत हा गुण सोन्याच्या मोलाचा. राजभवनात तो कितीसा चालतो?

घटनेनं राज्यपालाला जवळजवळ काहीच करायला ठेवलेलं नाही. अनुच्छेद १६३ प्रमाणे तो मंत्रिमंडळाच्या मदतीनं आणि सल्ल्यानं वागतो. स्वतःच्या विवेकानं करायच्या गोष्टी मोजक्या. सरकारिया आयोगानं १९८८ मध्ये राज्यपाल कसा असावा हे सांगताना बजावलं होतं की नजीकच्या काळात राजकारणात फार गुंतलेला माणूस तिथे नको. फौजी माणूस या निकषात छान बसतो, अशी आपली समजूत. स्वच्छ, शिस्तीचा, पक्षाबाहेरचा. त्यामुळे दिल्लीतल्या सगळ्याच सरकारांनी निवृत्त सेनानींना राजभवनांत पाठवलं. कोल्हापुरात जन्मलेले जनरल सत्यवंत श्रीनागेश लष्करप्रमुखपदावरून उतरल्यानंतर आसाम, आंध्र प्रदेश आणि म्हैसूर अशा तीन राज्यांचे राज्यपाल झाले. ईशान्य भारत आणि काश्मीर इथे तर ही प्रथाच पडली, कारण तिथे फौज रस्त्यावर होती आणि फौजेची भाषा कळणारा माणूस राजभवनात असला की दिल्लीला बरं वाटे. गोव्याचा पहिला भारतीय कारभारीसुद्धा जनरलच. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीजांकडून गोवा घेणारे मेजर जनरल कँडेथ पुढचे सहा महिने लष्करी गव्हर्नर होते.

पण जेकब हे तसे पक्षाबाहेरचे नव्हते. निवृत्तीनंतर ते भाजपच्या जवळ गेले, सुरक्षेच्या प्रश्नांवर पक्षाला सल्ला देऊ लागले, आणि वाजपेयींचं सरकार आल्यावर महिन्याभरात, एप्रिल १९९८ मध्ये, गोव्याचे राज्यपाल झाले. जुलैत काँग्रेस फुटली. प्रतापसिंह राणे यांचं सरकार डगमगलं, चाळीस आमदारांच्या सभागृहात कोण कुणाबरोबर आहे यावरून गदारोळ झाला, आणि जेकब यांनी राणे यांना पदावरून दूर करून डॉ. विली डिसोझा यांना शपथ दिली. डिसोझांना पाठिंबा भाजपचा होता. राणे उच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं राज्यपालांना संरक्षण दिलं: असा निर्णय राज्यपालाच्या विवेकाधिकारातला आहे आणि त्यासाठी तो न्यायालयाला जाब द्यायला बांधलेला नाही. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आजही राज्यपालाच्या मुक्ततेचं उदाहरण म्हणून येतो. कायद्यानं सुटणं वेगळं, संशयातून सुटणं वेगळं. ज्या पक्षानं नेमलं त्याच पक्षाच्या सोयीचा निर्णय झाला, हे जेकब यांच्या खात्यावर लिहिलं गेलंच पाहिजे. त्यांच्या जंगलाचं कौतुक करताना आपण हे पान सहसा उलटून पुढे जातो.

डिसोझा यांचं सरकार चार महिन्यांत पडलं. नोव्हेंबरात लुईझिन फालेरो आले, ते फेब्रुवारीत गेले. सात महिन्यांत तीन मुख्यमंत्री पाहिल्यावर १० फेब्रुवारी १९९९ ला राष्ट्रपती राजवट आली. जूनमध्ये निवडणूक होऊन फालेरो बहुमतानं परत येईपर्यंत, म्हणजे चार महिने, राज्याचा कारभार राजभवनातून चालला. मदत आणि सल्ला देणारं मंत्रिमंडळच उरलं नव्हतं. रोज सकाळी सलाम घेऊन, फिती कापून, भाषणं वाचून दिवस काढणाऱ्या राज्यपालाच्या हाती अचानक सगळ्या खात्यांच्या फाइली आल्या. रिकामी जागा पुन्हा एकदा समोर होती.

त्या फाइलींमध्ये सत्तरीचं जंगल होतं. म्हादई खानापूर तालुक्यातल्या देगावजवळ उगम पावते, घाट उतरून सत्तरीत येते आणि पुढे मांडवी होऊन थेट काबोच्या टोकाजवळ समुद्राला मिळते. गोव्याच्या मोठ्या भागाचं गोडं पाणी तिच्यावर आहे. सुर्ला, अंजुणे, वाघेरीचा डोंगर, केरीचा परिसर हे सगळं सदाहरित आणि निमसदाहरित रान. वाघ तिथे येतात हे गावकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत. सत्तरी-सांग्याच्या कितीतरी गावांत वाघाची देवस्थानं आहेत, पाषाणावर कोरलेला वाघ्रो आहे. सरकारी दप्तरात मात्र वाघ नव्हता, कारण वाघ आहे म्हटलं की खाण, लाकूड आणि जमिनीचे व्यवहार अडतात. राजेंद्र केरकर यांच्यासारखे सत्तरीतले कार्यकर्ते या रानाच्या रक्षणासाठी ओरडून सांगत होते. शास्त्रीय माहितीही नव्हती अशातला भाग नाही. अडलेलं होतं ते सहीपाशी. आमदाराला मत देणारा माणूस त्या जंगलात राहतो, आणि आमदाराला निवडणुकीचा खर्च पुरवणाऱ्यांचे खाणपट्टे त्याच जंगलाखाली आहेत. दोघांनाही अभयारण्य नको, कारणं वेगवेगळी. अशा वेळी सही करणारा आमदार सापडणं कठीणच.

जेकब यांना दोघांचीही भीड नव्हती. पुढची निवडणूक लढवायची नव्हती, गोव्यात घर बांधायचं नव्हतं, नातेवाईक नव्हते. त्यांनी सही केली.

निर्णय बरोबर होता, असंच मी म्हणेन. आज मागे वळून पाहिलं तर त्या पट्ट्याविना गोव्याची अवस्था काय झाली असती याची कल्पना करवत नाही. २०१२ मध्ये बेकायदा खाणींवरून राज्याची जी शोभा झाली ती पाहिल्यावर तर नाहीच. आणखी एक गंमत अशी की ज्या म्हादईच्या पाण्यासाठी गोवा कर्नाटकाशी भांडतो, त्या भांडणात गोव्याच्या हाती असलेलं एक नेमकं कायदेशीर हत्यार म्हणजे हेच अभयारण्य. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या मुख्य वन्यजीव संरक्षकांनी वन्यजीव कायद्याच्या कलम २९ चा आधार घेऊन कर्नाटकाला नोटीस काढली: अभयारण्याचं पाणी वळवता येणार नाही. राजकारण्यांना न विचारता झालेल्या कामाचा राजकारण्यांनीच असा उपयोग केला.

पण बरोबर निर्णय कसा घेतला गेला यावरही त्याचं पुढचं आयुष्य ठरतं. वन्यजीव कायद्याची रीत साधारण अशी आहे. सरकार अभयारण्याचा इरादा जाहीर करतं. मग जिल्हाधिकारी त्या हद्दीतल्या लोकांचे हक्क तपासतो: कुणाची जमीन, कुणाची गुरचराई, कुणाची काजूची बाग, कुणाची देवराई, कुणाची पायवाट. दावे ऐकायचे, मान्य करायचे किंवा भरपाई देऊन घ्यायचे. हे काम कंटाळवाणं, वेळखाऊ आणि भांडणाचं. सत्तरीत तर विशेषच, कारण तिथल्या जमिनींची कागदपत्रं पोर्तुगीज काळापासूनच गुंतागुंतीची आहेत. आल्वारा, मोकासो, डोंगरउतारावरची कुमेरी, अशा एकावर एक चढलेल्या व्यवस्था. पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्याच्या नावावर कागद नसतो आणि कागद ज्याच्याकडे असतो त्यानं त्या जमिनीत कधी पाय ठेवलेला नसतो. चार महिन्यांत कुणालाही हे उरकलं नसतं. जेकब यांनी तर ते सुरूही होण्याआधी काबो सोडलं. नोव्हेंबर १९९९ मध्ये ते पंजाबचे राज्यपाल होऊन गेले.

फौजेत शत्रूचं ठाणं घेतल्यावर जवान आधी दम खात नाहीत, आधी खंदक खणतात, कारण प्रतिहल्ला येणारच असतो. सत्तरीत हक्कांचा निवाडा हाच तो खंदक होता. तो खणायला मागे कुणी उरलं नाही. जे आले ते निवडून आलेले होते आणि हा निर्णय त्यांचा नव्हता. म्हणून तो त्यांनी कधी आपला मानलाच नाही. अभयारण्य रद्द करा, हद्द कमी करा, अशी भाषा पुढे वारंवार झाली. ते सोपं नव्हतं. जाहीर करायला सरकारची एक अधिसूचना पुरते, हद्द बदलायला मात्र आधी विधानसभेचा ठराव लागे आणि पुढे राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागू लागली. मग राज्यकर्त्यांनी तिसरा मार्ग धरला. अभयारण्य रद्दही करायचं नाही आणि चालवायचंही नाही. दावे तसेच ठेवायचे, लोकांना तसंच टांगतं ठेवायचं, आणि मतं मागायच्या वेळी त्यांना सांगायचं की हे सगळं त्या राज्यपालानं केलं, आम्ही काय करणार.

याची किंमत कुणी दिली, ते जानेवारी २०२० मध्ये दिसलं. म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीजवळ एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेलेली सापडली. वाघिणीनं गुरं मारली होती, त्यानंतर विष घातलं गेल्याचा संशय होता. ज्यांच्यावर आळ आला ते रानात गुरं पाळून जगणारे धनगर. त्यांच्या वस्तीचा, चराईचा आणि मेलेल्या गुरांच्या भरपाईचा प्रश्न सुटलेला नव्हता. बातमी आली तेव्हा सगळा गोवा हळहळला. वाघाच्या मूर्तीला नारळ फोडणाऱ्या मुलखात असं व्हावं याचं अनेकांना आश्चर्य वाटलं. मला आश्चर्य वाटलं नाही, संताप आला, आणि तो धनगरांचा नव्हता. वीस वर्षं एका माणसाला त्याच्या हक्काचा कागद द्यायचा नाही, भरपाईसाठी हेलपाटे घालायला लावायचे, आणि मग त्यानं वाघावर प्रेम करावं अशी अपेक्षा धरायची!

जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं तीन महिन्यांत म्हादई परिसरात व्याघ्रप्रकल्प जाहीर करायचा आदेश दिला. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं ती शिफारस कधीच केलेली होती. राज्य सरकार आदेश पाळायच्या ऐवजी सर्वोच्च न्यायालयात धावलं. तेव्हाचे वनमंत्री विश्वजीत राणे सत्तरीचेच, जेकब यांनी ज्यांना पदावरून काढलं त्या प्रतापसिंह राणे यांचे चिरंजीव. योगायोगच, पण काव्यात्म म्हणावा असा. त्यांचा मुद्दा लोकांच्या विस्थापनाचा होता, आणि तो मुद्दा म्हणून खोटा नाही. फक्त एवढंच की लोकांचे हक्क निश्चित करायला त्यांच्या आणि त्यांच्या आधीच्या सरकारांना जवळजवळ पंचवीस वर्षं मिळाली होती.

दोष कुणाचा, याचं उत्तर मग सोपं राहत नाही. जेकब नसते तर जंगल उरलं नसतं असं मानलं, तर लोकशाहीनं जे केलं नसतं ते एका नेमलेल्या माणसानं केलं असा त्याचा अर्थ होतो. काहींना यातून उत्साह चढतो: बघा, आमदार नसले की कामं कशी होतात! दिवाणखान्यात बसून जनरल हवा म्हणणारे लोक महाराष्ट्रातही कमी नाहीत. त्यांना मला दुसऱ्या एका जनरलची हकिगत सांगावीशी वाटते.

लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा १९८३ मध्ये लष्करप्रमुख व्हायचे होते. ज्येष्ठता डावलून ते पद अरुणकुमार वैद्य यांना गेलं, आणि सिन्हा यांनी फौज सोडली. १९९७ मध्ये ते आसामचे राज्यपाल झाले. तिथे त्यांनी बांगलादेशातून होणाऱ्या स्थलांतरावर राष्ट्रपतींना सविस्तर अहवाल पाठवला. पुढे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बेकायदा स्थलांतरितांबाबतचा आयएमडीटी कायदा रद्द करताना त्याचा आधार घेतला. अहोम सेनापती लाचित बरफुकन यांचं नाव देशापुढे यावं म्हणून त्यांनी प्रयत्न केले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सर्वोत्तम छात्राला त्या नावाचं सुवर्णपदक दिलं जातं ते त्यांच्यामुळे. त्यांच्या विचारांशी आपण सहमत असू किंवा नसू, आसाममधली त्यांची कारकीर्द निष्फळ होती असं म्हणता येणार नाही. मग २००३ मध्ये ते जम्मू-काश्मीरला गेले. तिथे राज्यपाल पदसिद्ध म्हणून अमरनाथ देवस्थान मंडळाचा अध्यक्ष असे. तो अधिकार मंडळाच्या कायद्यानं दिलेला, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यापलीकडचा. पुन्हा एक रिकामी जागा, जिथे जनरलला जनरलसारखं वागता येतं. यात्रेचा काळ वाढवण्यावरून मुख्यमंत्री मुफ्ती महंमद सईद यांच्याशी त्यांचं उघड वाजलं. मे २००८ मध्ये बालटालकडची सुमारे चाळीस हेक्टर वनजमीन मंडळाला द्यायचा निर्णय झाला, आणि खोरं पेटलं. तो मागे घेतला तेव्हा जम्मू पेटलं. गुलाम नबी आझाद यांचं सरकार गेलं, दोन महिने रस्त्यावर माणसं मरत राहिली. सिन्हा यांची मुदत तोवर संपली होती. जमिनीचा आदेश मंत्रिमंडळाचा होता हे खरं. पण त्यामागचा रेटा राजभवनाचा होता, असंच खोऱ्यातल्या लोकांनी मानलं.

गोव्यात जेकब जिंकले आणि काश्मीरमध्ये सिन्हा हरले, तो फरक दोघांच्या हुशारीचा नव्हता. सत्तरीतला शेतकरी गरीब आणि विखुरलेला होता. तो गप्प राहिला म्हणून आदेश टिकला, आणि त्या गप्प राहण्याची वसुली पुढे हप्त्याहप्त्यानं झाली. खोऱ्यातला माणूस गप्प राहिला नाही. समोरच्याचं मौन म्हणजे त्याची संमती, हे ढाक्यात नियाझींच्या टेबलापाशी चालून गेलं. नियाझी हरलेले सेनापती होते. सत्तरीतला बागायतदार कुणाकडून हरलेला नव्हता, त्याला फक्त कुणी विचारलं नव्हतं.

पंजाबात जेकब यांच्यावर मंत्रिमंडळ होतं, त्यामुळे तिथे त्यांनी गाजवलं असं काही नाही. चंदीगडचे प्रशासक म्हणून मात्र थेट अधिकार होते आणि तिथे त्यांचा दरारा जाणवला, असं तिथले लोक सांगतात. १३ जानेवारी २०१६ ला ते दिल्लीत वारले.

त्यांना मी दोष देत नाही. एका राजवटीच्या फटीतून जेवढं वाचवता येईल तेवढं त्यांनी वाचवलं, आणि ते वाचवण्यासारखं होतं. पण सत्तरीतल्या माणसाचं पुढे जे झालं ते पाहिल्यावर, पुन्हा असा कुणी जनरल यावा असं मात्र म्हणवत नाही. २०२३ च्या निकालात न्यायालयानं व्याघ्रप्रकल्पाबरोबरच जंगलात राहणाऱ्यांचे हक्कांचे दावे शक्यतो बारा महिन्यांत निकाली काढायला सांगितलं होतं. त्या ओळीची चर्चा फारशी झाली नाही, बातम्या वाघावर आल्या. दावे ऐकणं, जमिनी मोजणं, गावात जाऊन बसणं, पोर्तुगीज दप्तरातले कागद काढणं, हे काम उपजिल्हाधिकारी आणि मामलेदार यांचं आहे. त्याला राष्ट्रपती राजवट लागत नाही आणि युद्धातला पराक्रमही लागत नाही. सत्तरीतल्या वाळपईच्या कचेरीतून ते १९९९ च्या पावसाळ्यातही सुरू करता आलं असतं.